लिनक्स डेस्कटॉप

लिनक्स डेस्कटॉप : लिनक्स या मुक्त परिचालन प्रणालीवर चालणारी आणि घर, शाळा व कचेरी यांतील नित्याच्या कामासाठी सिद्ध केलेली संगणकव्यवस्था. पत्रलेखन, हिशेब, आंतरजाल, चित्रे, ध्वनी व छपाई ही कामे तज्ञाच्या मदतीवाचून करता यावीत, हा तिचा हेतू होय. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये तयार झाला. परंतु सामान्य मनुष्याला ही प्रणाली आपल्या संगणकावर स्वतः बसवून घेता यावी, इतकी सुलभता येण्यास आणखी सु. तेरा वर्षे जावी लागली. मधल्या काळातील खटपट हाच या व्यवस्थेच्या इतिहासाचा मुख्य विषय आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ च्या सुमारास युनिक्स ही प्रणाली उभी केली. ती विद्यापीठांत लोकप्रिय झाली. तथापि तिच्या वापरावर परवान्याचे निर्बंध होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ या नावाने युनिक्ससारखी, परंतु कोणासही वापरता, अभ्यासता, बदलता व वाटता येईल अशी प्रणाली निर्माण करण्याची घोषणा केली. ग्नूची बरीचशी साधने १९९० पर्यंत तयार झाली होती. मात्र यंत्रसामग्रीचे नियंत्रण करणारा गाभा, म्हणजे कर्नल, तयार नव्हता. ही उणीव हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स यांच्या कार्यामुळे भरून निघाली. त्यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या कामाची वार्ता जाहीर केली, तेव्हा हा केवळ छंद असून ग्नूसारखे मोठे काम नव्हे, असेच त्यांनी म्हटले होते. पुढील वर्षी त्यांनी आपला गाभा ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. जो बदल करून वाटप करील त्याने मूळ संहिताही खुली ठेवावी, ही त्या परवान्याची मुख्य अट होय. जगभरच्या कार्यकर्त्यांचे श्रम एकत्र येण्यास ही अट विशेष कारणीभूत झाली.

आरंभीची उभारणी : केवळ गाभ्याने संगणक वापरण्याजोगा होत नाही. त्याला साधने, चित्रमय पडदा व आज्ञावल्या यांची जोड द्यावी लागते. अशी जोड देऊन तयार केलेल्या संचास वितरण म्हणतात. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर व इअन मर्डॉक यांचे डेबियन ही दोन्ही वितरणे १९९३ मध्ये सुरू झाली व ती अद्यापि चालू आहेत. त्या काळी वापरणाऱ्यास फ्लॉपी चकत्यांची चळत एकामागून एक संगणकात घालावी लागे, कठीण तबकडीचे विभाग हाताने पाडावे लागत आणि ध्वनिपत्रिका किंवा जालपत्रिका यांचे क्रमांक स्वतः नोंदवावे लागत. चित्रमय पडद्यासाठी मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९८४ मध्ये जन्मलेल्या एक्स या व्यवस्थेचा उपयोग करीत. परंतु त्यासाठी दृश्यपटाच्या आडव्या व उभ्या वारंवारता एका मजकुरी फाइलीत लिहाव्या लागत. हे आकडे चुकल्यास जुन्या धाटणीचा दृश्यपट बिघडण्याचीही भीती असे. साहजिकच या प्रणालीचा वापर विद्यार्थी, संशोधक व हौशी तंत्रज्ञ यांच्यापुरता मर्यादित राहिला.

चित्रमय वातावरण : जर्मनीतील माटिआस एट्रिख यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीई हा प्रकल्प पुकारला. निरनिराळ्या आज्ञावल्यांचे दिसणे व वागणे एकसारखे नसल्यामुळे सामान्य वापरणारा गोंधळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. केडीईची पहिली आवृत्ती जुलै १९९८ मध्ये निघाली. तथापि ती क्यूटी या ज्या साधनसंचावर रचली होती, त्याचा परवाना त्या वेळी पूर्णतः मुक्त नव्हता. त्यामुळे मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना या मेक्सिकन कार्यकर्त्यांनी १९९७ मध्ये ग्नोम हा स्वतंत्र प्रकल्प आरंभिला. त्याची पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये आली. क्यूटीचा परवाना २००० मध्ये बदलल्याने मूळ वाद मिटला. परंतु दोन्ही प्रकल्प कायम राहिले. वापरणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य लाभले, तर विकसकांचे श्रम विभागले गेले. लिनक्सविषयी आजही व्यक्त होणारी स्तुती आणि तक्रार या दोहोंचे मूळ या घटनेत आहे.

याच सुमारास इतर अडथळेही दूर होऊ लागले. एका आज्ञावलीस लागणाऱ्या इतर आज्ञावल्या आपोआप मिळवून देणारे एपीटी हे साधन डेबियनच्या १९९९ च्या आवृत्तीत समाविष्ट झाले. कचेरीकामासाठी ओपनऑफिसची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली (तिच्यातूनच २०१० मध्ये लिब्रेऑफिस निघाले). आंतरजालासाठी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्स या वितरणाने तर संगणकावर काहीही न बसविता केवळ सीडीवरून पूर्ण प्रणाली चालवून दाखविली. आपल्या यंत्रावर ती नीट चालेल किंवा नाही, हे आधी पाहता येऊ लागल्याने नवख्या माणसाची भीती पुष्कळ कमी झाली.

उबुंटू व प्रसार : दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या आश्रयाने ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू हे डेबियनवर आधारलेले वितरण प्रसिद्ध झाले. एकच सीडी, प्रत्येक कामासाठी निवडून दिलेली एकच आज्ञावली आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती ही त्याची आरंभीची वैशिष्ट्ये होती. मागेल त्याला टपालाने विनामूल्य सीडी पाठविण्याची त्याची योजना २०११ पर्यंत चालू होती. मंद आंतरजाल असलेल्या देशांत ती फार उपयोगी पडली. उबुंटूच्या पायावर २००६ मध्ये सुरू झालेले लिनक्स मिंट हे वितरण नवशिक्यांत विशेष प्रिय आहे.

देवनागरीचा प्रश्न : भारतीय वाचकाच्या दृष्टीने डेस्कटॉपची कसोटी केवळ इंग्रजीवर ठरत नाही. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर असली, तरी लेखनात त्यापूर्वी येते. जोडाक्षरांत व्यंजनांचे आकार बदलतात आणि रफार पुढील अक्षरावर चढतो. म्हणून युनिकोड संकेतांक एकापुढे एक मांडून भागत नाही. त्यांची पुनर्रचना करणारे यंत्र लागते. ग्नोमच्या २००२ मधील दुसऱ्या आवृत्तीत आलेल्या पँगो या ग्रंथालयाने व पुढे हार्फबझने हे कार्य केले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने घडविलेले ‘लोहित’ हे टंक रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त केले. त्यामुळे बहुतेक वितरणांत मराठी मजकूर सुवाच्य दिसू लागला. इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलकही या प्रणालीत अंगभूत असतो. स्वयंसेवकांनी पडद्यावरील सूचनांचे मराठी भाषांतर केले असून एखाद्या भाषेचे बाजारमूल्य किती याचा विचार न करता असे कार्य करता येणे, हा मुक्त संहितेचा मोठा लाभ मानावा लागेल. सी-डॅकने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘बॉस’ हे भारतीय भाषांसाठीचे वितरण याच दिशेचा शासकीय प्रयत्न होय.

शासनसंस्थांचे प्रयोग : जर्मनीतील म्यूनिक नगराच्या परिषदेने २००३ मध्ये आपले संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरविले. २०१३ च्या अखेरीपर्यंत सु. १५,००० संगणकांवर हे काम पुरे झाले. परंतु २०१७ मध्ये परिषदेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. इतर संस्थांशी होणारी दस्तऐवजांची देवघेव, विशिष्ट कामांसाठीच्या आज्ञावल्या व बदलते राजकीय पाठबळ यांचा या प्रश्नात मोठा वाटा होता. याउलट फ्रान्सच्या जांदार्मेरी या पोलीसदलाने आधी कचेरीसंच व न्याहाळक बदलले आणि त्यानंतर २००८ पासून उबुंटू स्वीकारले; हा क्रम यशस्वी ठरला. केरळ राज्यातील शाळांत संगणकशिक्षणासाठी मुक्त प्रणालीच वापरतात. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सु. ३०,००० संगणक या मार्गाने नेण्याचे जाहीर केले.

आधुनिक उभारणी : आज वितरणाची प्रतिमा पेन ड्राइव्हवर उतरवून संगणक तिच्यावरून सुरू करतात व वाय-फाय, ध्वनी, मुद्रक आणि दृश्यपट यांची चाचणी घेतात. त्यानंतर जुन्या कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवून प्रणाली बसवितात. विभागणी चुकल्यास पूर्वीचा सर्व संग्रह नष्ट होऊ शकतो. म्हणून ही पायरी गाळणे धोक्याचे असते. वैयक्तिक संग्रहासाठी वेगळा विभाग राखल्यास पुढे प्रणाली बदलली, तरी तो अबाधित ठेवता येतो. २०१२ पासून विंडोजबरोबर येणाऱ्या संगणकांत सिक्युअर बूट ही सुरक्षाव्यवस्था असते. प्रमुख वितरणे तिच्यासह चालतात. एमपी३ ध्वनीवरील एकस्वांची मुदत २०१७ मध्ये संपल्याने तीही अडचण राहिलेली नाही. काही वाय-फाय व चित्रपत्रिका यांचे ड्रायव्हर मात्र अजूनही स्वतंत्रपणे बसवावे लागतात.

मूल्यमापन : नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो, अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही तोच आहे. डेस्कटॉपवर मात्र त्याचा वाटा थोड्या टक्क्यांचाच आहे. दुकानातून घेतलेल्या बहुतेक संगणकांत दुसरी प्रणाली आधीच बसविलेली असते आणि सवय मोडणे कठीण असते, ही त्याची प्रमुख कारणे होत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा अनेक धडधाकट संगणक नव्या आवृत्तीस अपात्र ठरले. अशा यंत्रांना लिनक्समुळे पुढील आयुष्य मिळू शकते. आपल्या मेजावरील यंत्र केव्हा जुने झाले हे कोणी ठरवावयाचे, निर्मात्याने की मालकाने, हा प्रश्न या व्यवस्थेच्या मुळाशी आहे; आणि त्याचे उत्तर मालकाच्या हाती राहावे, यासाठीच तिचा खटाटोप चालू आहे.