सीमा तपासणाऱ्या आज्ञेचे कूळ

मुरुडमध्ये कुणी मोबाइलवर एखादे पान उघडले, तर त्याचे उत्तर आता अमेरिकेऐवजी मुंबईतल्या सर्व्हरवरून येऊ शकते. अशा ‘एज’ सर्व्हरवर अनेक ग्राहकांचे छोटे प्रोग्रॅम एकाच प्रक्रियेत शेजारीशेजारी चालतात. प्रत्येकाला मेमरीचा आपापला तुकडा असतो. कुणी बांध कोरून पलीकडे गेला, की शेजाऱ्याची गुपिते त्याच्या हाती लागतात. हा बांध आला कुठून, हे शोधताना मला एक नाव भेटले, तेही पुण्याशी जोडलेले : केसव नोरी.

पास्कल भाषा निक्लाउस विर्थ यांची, १९७०ची. ती कोणत्याही यंत्रावर नेता यावी म्हणून झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात ‘पास्कल-पी’ कंपायलर झाला. त्याच्या १९७४च्या अहवालाच्या लेखकांत नोरींचे नाव आहे. हा कंपायलर एका काल्पनिक यंत्रासाठी ‘पी-कोड’ लिहितो. त्या पी-कोडमध्ये ‘सीएचके’ नावाची आज्ञा होती : आकडा दिलेल्या दोन मर्यादांच्या आत आहे का ते पाहा, नसेल तर थांब. नोरी पुढे पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात आले. पुण्यात डिसेंबर १९८७ मध्ये भरलेल्या एफएसटीटीसीएस या संगणकशास्त्राच्या परिषदेचे निबंध त्यांनीच संपादित केले.

या बांधाच्या जनकत्वाचे इतर दावेदारही आहेत. १९६१मध्ये जाहीर झालेले बरोज बी५००० हे यंत्र सीमा तपासत होते, पण ती तपासणी त्याच यंत्राच्या हार्डवेअरला बांधलेली. बीसीपीएलचा ‘ओ-कोड’ पी-कोडच्याही आधीचा आणि कुठेही नेता येणारा, पण त्या भाषेला डेटाच्या प्रकारांचे बंधनच नव्हते, म्हणून तपासायला सीमाही नव्हती. सर्वांत तगडा दावा १९९३चा, बर्कलीच्या वाहबे आणि सहकाऱ्यांचा : त्यांनी एकाच प्रक्रियेतले अविश्वासू कोड वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडून दाखवले. कप्प्यांचे श्रेय त्यांचेच. पण कुठेही नेता येणारा कोड आणि त्यातच सीमेची तपासणी, हा जोड मला पी-कोडमध्ये दिसतो. जेम्स गॉसलिंग यांनी विद्यार्थिदशेत पी-कोडचे भाषांतर करणारा प्रोग्रॅम लिहिला होता आणि जावा भाषेची कल्पना त्यातून सुचल्याचे त्यांनीच सांगितले आहे. २०१७मध्ये ब्राउझरांत आलेले वेबअसेम्ब्ली हे कुठेही नेता येणारे कोडचे रूप मी जावाच्याच वंशात धरतो. २०१९मध्ये फास्टली कंपनीने ते आपल्या एज सर्व्हरांवर आणले.

या वाटेत एक मोठा बदल झाला. पी-कोडमधली तपासणी उघड लिहिलेली होती. वेबअसेम्ब्लीत पत्ता मुळात ३२ बिटांचा, म्हणून वेगासाठी चार जीबी जागा आणि पुढे राखीव पट्टा सोडून प्रत्यक्ष तपासणीच वगळतात. मग सारी भिस्त कंपायलरच्या गणितावर. मार्च २०२३मध्ये वेबअसेम्ब्ली चालवणाऱ्या ‘वासमटाइम’ या प्रोग्रॅमच्या कंपायलरमधली चूक जाहीर झाली : ठरावीक प्रकारच्या पत्त्यांचे गणित ३५ बिटांपर्यंत जाई आणि प्रोग्रॅम राखीव पट्टा ओलांडून पलीकडची मेमरी वाचू-लिहू शके. वासमटाइम रस्ट या सुरक्षित भाषेत लिहिलेले असूनही हे घडले, कारण रस्ट ही भाषा कंपायलरच्या स्वतःच्या कोडला सांभाळते, त्याने तयार केलेल्या यंत्र-कोडला नव्हे.

म्हणून माझा आग्रह आहे : वगळलेल्या प्रत्येक तपासणीमागचे गणित सिद्ध करून दाखवा. ते जमत नसेल तिथे थोडा वेग सोडा आणि सीएचके परत लिहा.