सर्वोत्तम गुणांचे गणित

अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेत वाचन-लेखन आणि गणित असे दोन विभाग असतात. प्रत्येक विभागाला 200 ते 800, म्हणजे एकूण 400 ते 1600 गुण. परीक्षा वर्षातून अनेकदा होते, पुन्हा पुन्हा देता येते आणि बहुतेक महाविद्यालये त्यांतले सर्वांत चांगले गुण धरतात. पुष्कळ ठिकाणी ‘सुपरस्कोअर’ही चालतो: एका तारखेचे गणिताचे गुण आणि दुसऱ्या तारखेचे वाचन-लेखनाचे गुण जोडले जातात. येणारी बेरीज त्या विद्यार्थ्याने कोणत्याही एका दिवशी मिळवलेली असतेच असे नाही. असा नियम केल्यावर परीक्षा नेमके काय मोजू लागते, हे तपासायचे आहे.

परीक्षेचे गुण म्हणजे विद्यार्थ्याची खरी पातळी आणि त्या दिवशीची त्रुटी यांची बेरीज. प्रश्न कोणते आले, झोप किती झाली, अंदाजाने टिकमार्क केलेली उत्तरे किती बरोबर निघाली, हे सारे त्या त्रुटीत येते. सॅटच्या एका विभागात प्रमाण त्रुटी साधारण 30 गुणांची असते. आता असा विद्यार्थी घ्या, ज्याची पातळी दोन परीक्षांच्या दरम्यान तसूभरही बदललेली नाही. त्याच्या दोन्ही वेळच्या गुणांची सरासरी काढली, तर वरची आणि खालची त्रुटी एकमेकींना कापते. पण दोहोंतले मोठे गुण घेतले, की नशिबाने साथ दिलेला दिवसच नोंदीत उरतो. त्रुटी प्रसामान्य वितरणाप्रमाणे पसरलेली आहे असे धरल्यास, दोन मापनांतल्या मोठ्याची अपेक्षित वाढ प्रमाण त्रुटीच्या 0.56 पट निघते. म्हणजे एका विभागात सुमारे 17 गुण आणि सुपरस्कोअरमध्ये 34. तीनदा परीक्षा दिली तर 51, चारदा दिली तर 62. एक ओळही जास्त न वाचता! दुसरी परीक्षा 34 गुण देते, तिसरी त्यात 17 घालते, चौथी 11. एकाच तारखेची एकूण बेरीज धरली असती, तर दोन परीक्षांचा हा फायदा 24च्या आसपास राहिला असता. वरचे दहा गुण निव्वळ सुपरस्कोअरच्या नियमाचे.

प्रत्यक्षात पुन्हा बसणारे विद्यार्थी सरसकट निवडलेले नसतात. ज्याचा दिवस वाईट गेला तोच बहुधा पुन्हा नाव नोंदवतो, आणि पुढच्या वेळी त्याचे गुण आपोआप त्याच्या पातळीकडे सरकतात. क्लासवाले ही वाढ जाहिरातीत स्वतःच्या खाती जमा करतात. मध्यंतरी अभ्यास केल्याने पातळीही वाढते, हे खरे. पण दोन गुणपत्रके शेजारी ठेवून त्यातला अभ्यासाचा वाटा वेगळा काढता येत नाही.

यावरून असे दिसते, की सर्वोत्तम गुण धरण्याच्या नियमात परीक्षेला बसण्याची संख्या हाच गुणांचा एक घटक होतो. व्हिग्डर आणि क्लॉटफेल्टर या अर्थशास्त्रज्ञांनी 2003मध्येच हा आक्षेप घेतला होता: ज्याला पुन्हा बसणे जड जाते, तो या नियमात मागे पडतो. 2020मध्ये गुडमन, गुरँट्झ आणि स्मिथ यांच्या अभ्यासाने त्याला आकड्यांची जोड दिली. सॅट देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मेच पुन्हा बसतात आणि अल्प उत्पन्नाच्या घरांतले त्याहून कमी. या अभ्यासकांची पद्धत मला विशेष चतुर वाटते. शंभराच्या पटीला जरासे कमी पडलेले विद्यार्थी, ती पट जेमतेम गाठलेल्यांपेक्षा अधिक संख्येने पुन्हा बसतात. 999 रुपये किंमत लावणारा दुकानदार ज्या सवयीवर जगतो, तीच ही सवय. दोन्ही गटांची पातळी जवळजवळ सारखी, फरक काय तो पुन्हा बसण्याचा. म्हणून त्याचा परिणाम स्वच्छ मोजता आला. गुण तर वाढलेच, शिवाय चार वर्षांच्या महाविद्यालयांत जाण्याचे प्रमाणही वाढले, आणि ते गरीब विद्यार्थ्यांत अधिक. फेरपरीक्षा बंद करा म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष आधी वाचावा.

गुण पाठवण्यातही निवडीचाच प्रश्न येतो. 2009पासून ‘स्कोअर चॉइस’मुळे कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे हे विद्यार्थी ठरवतो, जॉर्जटाउनसारखे विद्यापीठ मात्र वर्षानुवर्षे सगळेच गुण मागत आले. नोंदणीबरोबर चार महाविद्यालयांना गुण फुकट पाठवता येतात, पण त्यांची नावे परीक्षेनंतर नऊ दिवसांत द्यावी लागतात, म्हणजे निकाल पाहण्याआधीच. पाहून निवडायचे असेल तर पैसे मोजा. (अल्प उत्पन्नामुळे शुल्कमाफी मिळालेल्यांना ही अट जाचत नाही.)

2020नंतर अनेक महाविद्यालयांनी गुण देणे ऐच्छिक केले, तेव्हा गुंता वाढला. न पाठवलेले गुण कमीच असणार, असा तर्क अर्ज वाचणारा करतो. म्हणून मध्यम गुणवाल्यानेही ते पाठवणे हिताचे ठरते. डार्टमथ महाविद्यालयाला 2024मध्ये आढळले, की ज्यांना गुणांचा फायदा झाला असता अशा काही गरीब विद्यार्थ्यांनीच ते लपवले होते. नामवंत महाविद्यालयांच्या सरासरीशी त्यांनी स्वतःला ताडले. प्रवेश समिती मात्र गुण त्यांच्या शाळेच्या परिस्थितीशी ताडून पाहणार होती. त्याच वर्षी डार्टमथने परीक्षा पुन्हा सक्तीची केली.

आपल्याकडची जेईई मेन या बाबतीत सरस वाटते. तिची जानेवारी आणि एप्रिल अशी दोन सत्रे होतात आणि दोहोंतला चांगला स्कोअर धरला जातो. सगळेच दोनदा बसले, तर वर मोजलेला गुणांचा फुगवटा सर्वांना सारखा मिळतो, क्रम त्यामुळे हलत नाही. उलट दोहोंतल्या मोठ्या गुणांतली त्रुटी एका परीक्षेतल्या त्रुटीच्या 83 टक्क्यांवर येते. सरासरी धरली असती तर 71 टक्के. अन्याय होतो तो संधींची संख्या ऐपतीवर सोडल्याने.

नीटचे टोक उलटे आहे. ती वर्षातून एकदाच होते, म्हणून एका वाईट दिवसाची दुरुस्ती वर्षभराने. लातूरच्या रिपीटर बॅचेस त्यावरच भरतात. तिथे सर्वोत्तम गुणांचा प्रश्नच येत नाही: यंदा बसला, तर यंदाचेच गुण खरे. गेल्या वर्षीचे 600 यंदाच्या 580च्या मदतीला येत नाहीत.