केडगावची श्रद्धा आणि दोन दुष्काळ

ख्रिस्ती माणसाची श्रद्धा संकटात टिकते ती सोसण्याच्या बळावर, अशी सरधोपट समजूत आहे. प्रभूने क्रूस वाहिला तसा आपणही निमूट वाहावा, म्हणजे झाले. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनचा इतिहास पाहिला की ही समजूत तोकडी वाटते. तिथली श्रद्धा निमूट नव्हती. भांडायला मोकळीक आणि दिवसभर हातांना काम, या दोन गोष्टींवर ती तगली. त्यामागचे कारण शोधायला मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाईंच्या बालपणापर्यंत जावे लागते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे दक्षिणेत दुष्काळाने गाठेपर्यंत तीर्थयात्रा, दानधर्म, व्रते, उपास करत राहिले. पैसा संपला, अन्न संपले. 1874 च्या सुमारास थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. पुढे 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पतीही गेले. इतके पुण्य केले की इतके संकट टळेल, हा देवाशी केलेला सौदा डोळ्यांदेखत मोडलेला पाहिलेली ही बाई होती. पुढे स्वीकारलेल्या ख्रिस्ती धर्मातही तसलाच सौदा मिळाला असता, तर तो फार काळ पुरला नसता.

शिवाय तिथेही सारे सुखाचे नव्हते. 1883 मध्ये रमाबाई इंग्लंडमधील वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच काळात, 29 सप्टेंबरला रमाबाईंनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. या क्रमावरून पुष्कळांनी पुष्कळ तर्क लढवले आहेत. मला महत्त्वाची वाटतात ती त्यानंतरची पत्रे. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आणि चर्चच्या अधिकारावरून वाद घालतात, पटत नाही ते स्पष्ट सांगतात. एका धर्मशास्त्राचा अधिकार सोडून आलेली विदुषी दुसऱ्याचा अधिकार मान खाली घालून कशी मानेल? शंका घेण्याची ही सवय पुढे त्यांना राजसत्तेपुढेही उपयोगी पडली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली पुण्याला आणल्या, तोच शहरात प्लेग पसरला आणि मुलींना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. प्लेगच्या इस्पितळात बायकांना कसे वागवले जाते, यावर त्यांनी मे 1897 मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून सरकारवर उघड टीका केली. परदेशी मदतीवर संस्था चालत असताना हे करायला धाडस लागते.

केडगावात 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर रहिवाशांचा आकडा दीड हजाराच्या पुढे गेला. एवढ्या बायकापोरींना नुसत्या उपदेशाने धीर देता येत नाही. शेती, दूधदुभते, तेलघाणा, हातमाग, छापखाना, सारे बायकाच चालवत. अंध बायकांनाही शिक्षण मिळे आणि त्या ब्रेल वाचायला शिकत. काल दुष्काळात रस्त्यावर पडलेली मुलगी आज खिळे जुळवत होती. प्रार्थना होतीच, पण तिच्या दोन्ही बाजूंना काम होते.

यावर पहिला आक्षेप जुना आणि जड आहे: भुकेल्या पोरीला ताटाबरोबर धर्म वाढला, तर तिची निवड कसली? 1893 मध्ये रमाबाईंच्या आधीच्या संस्थेच्या, विधवांसाठीच्या शारदा सदनाच्या वेळी ‘केसरी’ने हीच तोफ डागली होती, सल्लागार मंडळातली रानडे-भांडारकरांसारखी माणसे बाहेर पडली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेपात तथ्य आहे. दहा वर्षांच्या अनाथ मुलीला खरी निवड नसतेच, आणि रमाबाईंच्या हेतूची शुद्धता या प्रश्नाचे उत्तर होत नाही. मात्र पोटासाठी धरलेली श्रद्धा पोट भरल्यावर सुटायला हवी. केडगावातून कित्येक बायका पुढे शिक्षिका, परिचारिका, गावोगाव वाचून दाखवणाऱ्या ‘बायबलबाई’ झाल्या. आरंभ लादलेला असला, तरी त्याच्या पुढच्या वाटचालीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

दुसरा आक्षेप माझ्याच मांडणीवर येतो. पैसा प्रार्थनेने आला, पाणी प्रार्थनेने लागले, असे रमाबाई स्वतः लिहितात. मग हाही सौदाच नव्हे का? काही अंशी आहे. 1905 च्या तिथल्या धार्मिक उन्मेषानंतर तर त्यांच्या लेखनातली जुनी धार बोथट झाली, असे मलाही वाटते. पण सौदा आहे की नाही, हे तो फसल्यावर कळते. जिच्या हाती संस्था सोपवायची ती एकुलती एक मनोरमा जुलै 1921 मध्ये गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल साध्या मराठीत आणत होत्या, कमी शिकलेल्या बाईला ते स्वतः वाचता यावे म्हणून. ते काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. बायबल 1924 मध्ये केडगावच्याच छापखान्यात पूर्ण झाले. मराठी चर्चमध्ये ते फारसे रुळले नाही, हेही खरेच.