मोटारीचें उत्तरचरित

जुन्या अमेरिकन मोटारीचें खरें चरित्र तिच्या विक्रीनंतर सुरू होतें. शेवरोलेची जुळणी जनरल मोटर्सनें १९२८ पासून मुंबईस शिवडीला केली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें पुढें कुर्ल्यास डॉज व प्लिमथ बांधल्या. भाग येथेंच निर्माण करण्याची योजना नसलेल्यांनीं जुळणी आवरावी, असें सरकारनें टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून १९५३ मध्यें ठरविलें. १९५४ मध्यें शिवडीचें काम थांबलें, आणि गाडी मिस्त्रीच्या स्वाधीन झाली.

मुंबईकरांस बाजार जवळ होता. भंडाऱ्याच्या मालकानें एकतर साठ किलोमीटरांवरचें नागपूर गांठावें, नाहींतर लेथवर भाग घडवून घ्यावा! सहा व्होल्टांची गाडी बारांवर नेतांना केवळ बॅटरी बदलून भागत नाहीं. डायनॅमो, दिवे, काटे यांचाहि विचार करावा लागतो. शिवाय त्या काळच्या डॉज-प्लिमथमध्यें बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे.

याहून मोठें स्थित्यंतर इंजिनाचें. महाग पेट्रोलाला कंटाळून अनेकांनीं सहा सिलिंडरांचें मूळ यंत्र काढून डिझेलचें बसविलें. तें जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा भक्कम कराव्या लागत. फेरे कमी, म्हणून वेग घटे.

शुद्धतेचे आग्रही संग्राहक अशा गाडीस भ्रष्ट समजतात. मला तें मान्य नाहीं. मूळ इंजिनासह गोठ्यांत गंजलेल्या डॉजपेक्षां परक्या इंजिनावर धांवलेली डॉज आपल्या टंचाईच्या काळाची अधिक विश्वासू साक्षीदार आहे. मात्र काढलेलें इंजिन भंगारांत देण्याची घाई अक्षम्य होय. नोंदणीपुस्तकांत नवा क्रमांक चढला, तरी जुना कोणत्या यंत्राचा होता हें सांगणारें तेवढेंच उरतें.