बाब-एल-मांदेब

बाब-एल-मांदेब : तांबडा समुद्र व एडनचे आखात यांना जोडणारी सामुद्रधुनी. पूर्वेस येमेन, पश्चिमेस जिबूती व एरिट्रिया. रुंदी सर्वांत कमी तिथे सुमारे ३० किमी. पेरिम बेटामुळे तिचे दोन भाग पडतात. मोठी जहाजे पश्चिमेकडच्या रुंद भागातून जातात. सुएझ कालव्याकडे जाणारी आशियाई मालाची वाट हीच असल्याने येथे अडथळा आला, की कालवा खुला असूनही ओस पडतो.

१९७३ च्या युद्धात इस्राएलची कोंडी करण्यासाठी ईजिप्तला येथे आपले नौदल आणावे लागले होते. पन्नास वर्षांनी येमेनच्या हूथी बंडखोरांना नौदलाची गरज पडली नाही. येमेनमधील यादवीत सौदी अरेबियाने त्यांच्यावर बाँबफेक केली, इराणने त्यांना शस्त्रे पुरवली. या चढाओढीतून किनाऱ्यावरच्या एका सशस्त्र गटाच्या हाती क्षेपणास्त्रे आणि ड्रोन आले. इस्राएलचे गाझातील युद्ध पेटल्यावर १९ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांनी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे मोटारवाहू जहाज पळवले. इस्राएलशी संबंधित जहाजेच आपले लक्ष्य असल्याचे ते सांगत. प्रत्यक्षात असा काही संबंध नसलेली जहाजेही माऱ्यात सापडली.

सामुद्रधुनी रीतसर बंद कोणीच केली नाही. ते काम विम्याने केले. युद्धजोखमीचा हप्ता एका फेरीसाठी जहाजाच्या किमतीच्या १ टक्क्याच्या आसपास गेला, आणि मर्स्कसारख्या कंपन्यांनी जहाजे केप ऑफ गुड होपकडे वळवली. प्रवास १० ते १४ दिवसांनी लांबला. सुएझ कालव्याचे उत्पन्न २०२३ मधील सुमारे १०.२ अब्ज डॉलरवरून पुढच्या वर्षी ४ अब्जांवर घसरले. २०२४ च्या हंगामात नाशिकची द्राक्षे युरोपला याच वळशाने गेली. नाशवंत मालाला वाटेतला प्रत्येक जादा दिवस भोवतो, आणि भाडेही चढले होते. अमेरिका व युरोपीय संघाच्या नौदलांनी संरक्षण देऊ केले, तरी बहुतेक कंटेनर-कंपन्या परतल्या नाहीत. स्वस्त ड्रोन पाडायला महागडे क्षेपणास्त्र लागते, हे गणित फार काळ परवडणारे नव्हते.

व्यापाराच्या हिशेबात खलाशी मागे राहतात. या नोंदीत ते मागे राहू नयेत. ६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावरील हूथींच्या हल्ल्यात तीन खलाशी ठार झाले, उरलेल्यांना ‘आयएनएस कोलकाता’ या भारतीय युद्धनौकेने वाचवले. ‘गॅलेक्सी लीडर’वरील २५ जणांची सुटका जानेवारी २०२५ मध्ये झाली. त्यांतल्या एकाच्याही देशाचे हूथींशी भांडण नव्हते.