चिरलेलें वांगें काळें कां पडतें?

वांगें चिरून ठेवलें कीं घटकाभरांत त्याचा पांढरा गर काळवंडतो. म्हणून गृहिणी फोडी लागलीच पाण्यांत टाकतात. बटाटा, सफरचंद, केळें यांची गत तीच. लिंबू मात्र कापून ठेवलें तर सुकेल, पण असें काळें पडणार नाहीं. आपण हें नित्य पाहतों आणि विसरून जातों. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला मात्र हा भेद विसरतां आला नाहीं.

गर काळवंडतो तो हवेंतील प्राणवायूशीं संयोग झाल्यामुळें. तेव्हां लिंबाच्या रसांत या संयोगाला अडविणारें कांहीं तरी द्रव्य असलें पाहिजे, असा त्यानें तर्क केला. केंब्रिज येथें हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेंत, १९२८ च्या सुमारास, बैलांच्या मूत्रपिंडांलगतच्या ग्रंथींतून आणि संत्रीं व कोबी यांच्या रसांतून त्यानें तें स्फटिकरूपानें वेगळेंही केलें. द्रव्य शर्करेच्या कुळांतलें; पण नेमकें कोणतें, हें कळेना. म्हणून शर्करांच्या नांवांच्या चालीवर ‘अज्ञात’ अशा अर्थाचें एक नांव त्यानें सुचविलें. संपादकानें तें नाकारलें, तेव्हां ‘देव जाणे’ अशा अर्थाचें दुसरें पाठविलें! तेंही परत आलें, आणि ‘हेक्झुरॉनिक अम्ल’ हें रुक्ष नांव कायम झालें.

याच द्रव्याची दुसरी कथा समुद्रावर घडली होती. हिरड्या सुजून रक्त येणें, जुन्या जखमा उकलणें आणि अखेर मृत्यु, असा स्कर्व्ही रोग दूरच्या सफरींत खलाशांना गांठी. १७४७ सालीं ‘सॅलिसबरी’ जहाजावर जेम्स लिंड या शल्यवैद्यानें बारा रोगी घेऊन दोघादोघांना निरनिराळे उपचार दिले. कोणाला सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचें पाणी. ज्या दोघांना रोज दोन संत्रीं व एक लिंबू मिळालें, त्यांपैकीं एक सहा दिवसांतच कामावर रुजू होण्याजोगा झाला. लिंडचा ग्रंथ १७५३ मध्यें निघाला. पण ब्रिटिश आरमारांत लिंबाचा रस सार्वत्रिक होण्यास १७९५ साल उजाडलें. लिंड त्याच्या आदल्या वर्षींच वारला होता.

हे दोन प्रवाह १९३२ मध्यें मिळाले. सेंट-ग्यॉर्गी तेव्हां सेगेड येथें अध्यापक होता. मनुष्याप्रमाणेंच गिनीपिगलाही ‘क’ जीवनसत्त्व स्वशरीरांत बनवितां येत नाहीं. अशा प्राण्यांवर स्विर्बेली या सहकाऱ्यानें प्रयोग केले आणि हेक्झुरॉनिक अम्ल म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व असें ठरलें. अमेरिकेंत किंग यानेंही त्याच सुमारास हाच निष्कर्ष प्रसिद्ध केल्यानें मानापमानाचा वाद माजला; त्यांत शिरण्याचें आपणांस कारण नाहीं.

अडचण होती ती पुरवठ्याची. ग्रंथींतून मिळे तें द्रव्य ग्रॅमांनीं मोजण्याइतकेंच. सेंट-ग्यॉर्गीनेंच सांगितलेली हकीकत अशी कीं, एके रात्रीं पत्नीनें ताजी लाल मिरची जेवणांत वाढली. ती खाण्याची इच्छा नव्हती, म्हणून परीक्षेचें निमित्त करून तो ती घेऊन प्रयोगशाळेंत गेला. मध्यरात्रीपर्यंत त्याला खजिना सांपडला होता! सेगेड म्हणजे मिरचीचेंच गांव; थोड्याच आठवड्यांत किलोग्रॅमच्या वर द्रव्य तयार झालें. बर्मिंगहॅमच्या हॅवर्थनें त्याची घडण उकलली, त्याला ‘अॅस्कॉर्बिक अम्ल’ हें नांव पडलें, आणि १९३७ चीं नोबेल पारितोषिकें दोघांनाही मिळालीं. मिरची मूळची अमेरिकेची. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनीं आणली. आंवळ्याचें कौतुक करतांना आपल्या ताटांतील हिरव्या मिरचीकडे मात्र आपण केवळ तिखट म्हणून पाहतों, हा मला अन्याय वाटतो.

पुढें १९५६ मध्यें अमेरिकेंत डेन्हॅम हार्मन यानें वार्धक्याचें मूळ शरीरांतील उच्छृंखल, अतिक्रियाशील अणुगटांत असल्याचें प्रतिपादिलें. त्यांना आवरणारीं ‘अँटिऑक्सिडंट’ द्रव्यें गोळ्यांच्या रूपानें बाजारांत आलीं. भाजी खाण्याचे कष्ट घ्यावेत कशाला?

उत्तर फिनलंडमध्यें मिळालें. तेथें २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर कांहीं वर्षें प्रयोग चालला. कांहींना गाजरांतील पिवळें द्रव्य बीटा-कॅरोटिन रोज २० मिलिग्रॅम देण्यांत आलें. १९९४ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तें घेणाऱ्यांत फुप्फुसांचा कर्करोग घटला नाहीं, उलट सुमारें १८ टक्क्यांनीं अधिक आढळला. अमेरिकेंतील तशाच दुसऱ्या प्रयोगांतही तोच अनुभव येऊन १९९६ च्या जानेवारींत गोळ्या थांबवाव्या लागल्या. आणि चमत्कार असा कीं, त्याच फिनलंडच्या प्रयोगांत ज्यांच्या आरंभींच्या आहारांत हें द्रव्य अधिक होतें, त्यांच्यांत कर्करोगाचें प्रमाण कमी आढळलें होतें.