अग्निसुरक्षा : दायित्वाचे स्वरूप

इमारतीच्या संदर्भात ‘अग्निसुरक्षा’ या संज्ञेत तीन कार्ये अंतर्भूत होतात : (१) प्रज्वलनाचा प्रतिबंध, (२) आग व धूर यांचा अवरोध, (३) माणसांचे निर्गमन. पहिले कार्य निष्फळ ठरले म्हणून उरलेल्या दोहोंचे कर्तव्य संपत नाही; त्यांची खरी गरज तेव्हाच उत्पन्न होते.

यावरून आगीचे कारण आणि मृत्यूचे कारण हा भेद निष्पन्न होतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी आग लागली ती तळमजल्यावरील वाहनतळातल्या विद्युत मंडळाच्या रोहित्रातून. धुराने गुदमरून ५९ जण मृत्युमुखी पडले. रोहित्र मालकांचे नव्हते, त्याची दुरुस्तीही त्यांनी केली नव्हती. तथापि बाल्कनीत जादा खुर्च्या बसवल्याने उजवीकडची वाट व दरवाजा बंद झाला होता. प्रेक्षकांना त्वरित बाहेर पडता आले नाही, हेच मृत्यूचे निकट कारण होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले आणि मालकांना दोषी धरले. आग कोणाच्या दोषाने लागली, एवढ्यावर दायित्वाचा निर्णय होत नाही.

आता प्रश्न कालाचा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मालकावर किंवा भोगवटादारावर दोन कर्तव्ये टाकतो. यंत्रणा सर्वकाळ कार्यक्षम ठेवणे हे एक; ती तशी असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत सादर करणे हे दुसरे. सोसायट्यांत त्यालाच ‘बी फॉर्म’ म्हणतात. पहिले कर्तव्य अखंड आहे, दुसरे नियतकालिक. आणि दुसरे पार पडले की पहिलेही पार पडले, हा व्यवहारातला सर्वांत घातक गैरसमज आहे.

एक उदाहरण पाहू. अग्निशमनाच्या नळात दाब टिकवण्यासाठी लहान जॉकी पंप असतो. दाब फार उतरला की मुख्य पंप आपोआप सुरू व्हावा, अशी योजना असते. एखाद्या व्हॉल्व्हला गळती लागली की जॉकी पंप रात्रभर चालू-बंद होत राहतो. आवाजाची तक्रार येते, आणि कोणीतरी पॅनेलवरची दोन्ही पंपांची कळ ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर नेतो. पंप, नळ, टाकी सर्व जागेवर असते, प्रमाणपत्रही वैध असते. फक्त तोटी उघडल्यावर पाण्याला जोर नसतो. दोष त्या माणसाचा असेल, परंतु ती कळ कोणी, केव्हा व का फिरवली याची नोंद नसणे हा व्यवस्थापक समितीचा दोष आहे.

यंत्रणेला निदान तपासणारा असतो. जिन्यातली चपलांची कपाटे, वीट लावून उघडा ठेवलेला अग्निरोधक दरवाजा, केबल ओढल्यावर न बुजवलेले वीजवाहिनीच्या डक्टमधले भोक, या गोष्टी एजन्सीच्या भेटीनंतर एका दिवसात उद्भवू शकतात. त्याच भोकातून धूर मजल्यामागून मजला चढतो. अशा दोषांचे सहा महिन्यांनी प्रमाणन करून भागत नाही. त्यासाठी समितीने एक जबाबदार व्यक्ती नेमून प्रत्येक मजल्याची साप्ताहिक पाहणी करवावी, आढळलेला दोष तारखेसह नोंदवावा, आणि तो कोणी दूर केला याची सही त्याच ओळीत घ्यावी.